गर्भसंस्काराचे वर्ग चालवणाऱ्यांना खुले पत्र: 'एपिजेनेटिक्स' म्हणताय, तर पुरते म्हणा

गर्भसंस्काराचे वर्ग घेणाऱ्या सर्व ताई-दादांना,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी एका वर्गाचे पत्रक दोन वर्षांपूर्वी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर आले. कमळात पहुडलेले गुटगुटीत बाळ, त्याच्याभोवती डीएनएचा सोनेरी पीळ आणि खाली ठळक अक्षरांत ओळ: 'तुमचा प्रत्येक विचार बाळाच्या डीएनएवर कोरला जातो. एपिजेनेटिक्सने हे सिद्ध केले आहे.' चित्रातला पीळ डावीकडे वळलेला होता. आपल्या पेशींतला डीएनए उजवीकडे वळतो. पेशीशास्त्रात पस्तीस वर्षे काढलेली मी बाई, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच गेली. चित्रकाराची चूक म्हणून हसून सोडून दिले. खरे तर खालच्या ओळीकडे तेव्हाच नीट बघायला हवे होते.

माझ्या भाचीने त्या वर्गाला नाव घातले, पट्टीवर दोन रेषा उमटल्या त्याच आठवड्यात. नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचे ठोके लागले नाहीत. पुढचे सगळे झाले, घरी आली, आईकडे राहिली, कामावरही जायला लागली. आणि मग एका रविवारी माझ्याकडे आली. मी मेथी निवडत होते. तीही समोर बसून निवडायला लागली आणि मान वर न करता म्हणाली, "मावशी, त्या आठवड्यात मी ऑफिसात फार चिडले होते गं. दोन दिवस नुसती धुमसत होते. त्यानं झालं का?"

मी म्हटले, असे कोण म्हणाले? तर म्हणाली, कोणी म्हणाले नाही, पत्रकात होते ना.

म्हणून हे पत्र. त्या पत्रकातली ओळ अनेक वर्गांच्या जाहिरातींत शब्द थोडेफार बदलून सापडते, तेव्हा सगळ्यांनाच लिहिते आहे. तुमचे वर्ग बंद व्हावेत असे माझे म्हणणे नाही. चार गरोदर बायका आठवड्यातून एकदा एकत्र बसतात, गातात, श्वासाचे व्यायाम करतात, सासरचे-माहेरचे मन मोकळे करतात, यात वाईट ते काय? माझी तक्रार एका शब्दापुरती आहे. 'एपिजेनेटिक्स' हा शब्द तुम्ही आमच्या प्रयोगशाळेतून उसना नेलात. नेला याचे वाईट वाटत नाही. अर्धा नेलात, याचे वाटते.

हा शब्द 1942 साली कॉनरॅड वॅडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने घडवला. त्या वेळी डीएनएची रचनाही माहीत नव्हती. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता: एकाच फलित बीजापासून डोळ्याची पेशी, यकृताची पेशी, हाडाची पेशी अशा वेगवेगळ्या जाती निघतात कशा? याच वॅडिंग्टन यांच्याकडे एडिंबरोत काम करून लीला मुल्हेरकर पुण्यात परतल्या आणि कोंबडीचा गर्भ अंड्याबाहेर काढून वाढवण्याचे तंत्र त्यांनी इथे रुजवले. मी ते त्यांच्या परंपरेतल्या एका बाईंकडून शिकले. काचेच्या बशीत, सूक्ष्मदर्शकाखाली, दुसऱ्या दिवशीच्या गर्भात हृदयाची नळी पहिल्यांदा आचका देते. तो क्षण ज्याने पाहिला त्याला गर्भाचे चमत्कार वेगळे सांगावे लागत नाहीत. त्या हृदयाच्या पेशीत आणि शेजारच्या डोळ्याच्या पेशीत डीएनए अक्षरशः एकच. एकीला धडधडायचे आहे हे कसे कळले आणि दुसरीला नाही, हे कसे?

भजनी मंडळाची वही डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांच्या हातात तीच वही, पण एकादशीला म्हणायची पाने वेगळी आणि काकड्याची वेगळी. नको ती पाने टाचून ठेवलेली, हवी त्यांत मोरपीस घातलेले. वहीतले शब्द कोणी खोडत नाही. पेशीही तेच करते. आपल्याकडे प्रथिने बनवणारी सुमारे 20,000 जनुके आहेत. प्रत्येक पेशीत ती सगळी असतात, वाचली मात्र सगळी जात नाहीत. कोणते पान उघडायचे हे ठरवणारी प्रथिने असतात, ती डीएनएवर नेमक्या जागी बसतात आणि जनुक चालू करतात. त्यांचा निर्णय पुढच्या पेशींनी विसरू नये म्हणून ज्या टाचण्या आणि मोरपिसे लागतात, त्यांना आज आम्ही एपिजेनेटिक खुणा म्हणतो.

टाचणी म्हणजे काय, तेही सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. ती असते मिथाइल: एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस. डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'सी' या अक्षरावर, बहुतेक करून जिथे त्याच्या पुढे 'जी' येते तिथे, ती चिकटते. जनुकाच्या तोंडाशी अशा टाचण्या दाट झाल्या की ते जनुक सहसा गप्प होते. पेशी दुभंगताना डीएनएची नवी पट्टी कोरी तयार होते. मग एक एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक कामे उरकणारे प्रथिन, जुन्या पट्टीवरच्या टाचण्या बघत बघत नव्या पट्टीवर त्याच जागी त्या लावत जाते. यकृताच्या पेशीची मुलगी यकृताचीच पेशी होते ती अशी.

दुसरी तऱ्हा गुंडाळण्याची. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे 2 मीटर भरतो आणि त्याला राहायला मिळालेल्या केंद्रकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. म्हणून तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गोळ्यांभोवती गुंडाळलेला असतो, एकेका गोळीभोवती 147 अक्षरे. गोळीच्या शेपट्यांवर धन भार, डीएनएवर ऋण भार, त्यामुळे दोघे घट्ट बिलगतात. शेपटीला एक ॲसिटाइल गट लावला की तिथला धन भार मावळतो, मिठी सैलावते आणि ते पान वाचता येते. काढून टाकला की पुन्हा घट्ट. ही यंत्रणा तुमच्या-माझ्या पेशींत या क्षणीही चालू आहे.

आता तुमच्या ओळीतले क्रियापद बघा. 'कोरला जातो.' दगडावर कोरतात, तांब्यावर कोरतात. एपिजेनेटिक खुणेचे सारे वैशिष्ट्य हे की ती लावता येते आणि काढताही येते. आणि सगळ्यांत मोठी पुसापुशी होते ती नेमकी गर्भधारणेच्या सुरुवातीला. शुक्राणूतून आलेल्या डीएनएवरच्या बहुतेक टाचण्या फलनानंतर काही तासांतच निघू लागतात. बीजांडाकडून आलेल्या पुढच्या काही विभाजनांत विरळ होत जातात. गर्भ गर्भाशयाच्या भिंतीत रुततो त्या सुमारास नव्याने टाचण्या लावायला सुरुवात होते. आईकडून की वडिलांकडून आले याची आठवण ठेवणारी शंभराच्या आसपास जनुके आणि आणखी काही जागा तेवढ्या या झाडूतून सुटतात. म्हणजे प्रत्येक बाळ जवळजवळ कोरी वही घेऊन सुरुवात करते. मला तरी ही व्यवस्था विलक्षण दयाळू वाटते. पण पेशीला दया-माया नसते, तो माझा स्वभाव.

तुम्ही म्हणाल, अहो, उंदरांवर प्रयोग झालेत. झालेत. तुमच्या पत्रकांत ज्यांचा उडता उल्लेख असतो ते तीन दाखले मला चांगले ठाऊक आहेत, आणि तिन्ही खरे आहेत. पण ते काय सांगतात?

पहिला 2003 चा, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातला, रॉबर्ट वॉटरलँड आणि रँडी जर्टल यांचा. अगूटी नावाच्या जनुकाशेजारी डीएनएचा एक उपरा तुकडा येऊन बसलेले उंदीर. तो तुकडा जागा राहिला की उंदीर पिवळे आणि लठ्ठ होतात, त्यावर मिथाइल बसले की तपकिरी राहतात. माद्यांना विणीच्या आधीपासून फॉलिक ॲसिड, बी12, कोलीन आणि बीटेन जास्त दिले, तर तपकिरी पिल्लांचे प्रमाण वाढले. खाण्याने खुणा बदलल्या. खाण्याने. आणि तेही त्या उपऱ्या तुकड्याच्या नाजूकपणामुळे, सगळ्या जनुकांत सरसकट नव्हे.

दुसरा 2004 चा, कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातला, मायकेल मीनी आणि सहकाऱ्यांचा. ज्या उंदरीण-आया पिल्लांना भरपूर चाटतात त्यांची पिल्ले मोठेपणी ताण चांगला सोसतात, आणि त्यांच्या मेंदूतल्या कॉर्टिसॉलसारख्या ताणाच्या संप्रेरकाची दखल घेणाऱ्या जनुकावर मिथाइल कमी असते. गर्भसंस्काराच्या प्रत्येक भाषणात हा दाखला येतो म्हणून मुद्दाम सांगते: ते चाटणे जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातले. पिल्लांची अदलाबदल करून पाहिली तेव्हा, ज्या आईने वाढवले तिच्यासारखी ती निघाली. पोटात नऊ महिने वाढवलेल्या बाईपेक्षा न्हाऊ-माखू घालणारी, कडेवर घेऊन फिरणारी आजी, आत्या, दत्तक आई यांच्या बाजूने बोलणारा हा प्रयोग आहे. तुमच्या वर्गांच्या बाजूने नाही.

तिसरा माणसांचा. 1944-45 च्या हिवाळ्यात नाझी सैन्याने अन्नाची रसद तोडली आणि पश्चिम नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. माणशी रोजचे अन्न 1,000 कॅलरींच्या खाली गेले. त्या उपासमारीत गर्भात आलेल्या लोकांचे रक्त साठ वर्षांनी तपासले. सख्ख्या भावंडांच्या तुलनेत त्यांच्या आयजीएफ-2 या वाढीशी संबंधित जनुकावर मिथाइल थोडे कमी होते. 2008 चा तो अभ्यास. ज्यांच्या आयांनी उपासमार शेवटच्या महिन्यांत सोसली, त्यांच्यात हा फरक दिसला नाही. म्हणजे वेळ महत्त्वाची, आणि ती वेळ गर्भ राहण्याच्या आसपासची.

तिन्हीत विचार कुठे आहेत?

विचाराला डीएनएपर्यंत जायचे तर काहीतरी वाट हवी. आईच्या मनातला राग गर्भाला ऐकू येत नाही, दोघांच्या चेतातंतूंची जोडणी नसते. वाट एकच, रक्ताची. ताण वाढला की आईच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढते. पण मध्ये वार (प्लॅसेंटा) आहे, आणि वारेत एक एन्झाइम पहाऱ्यावर बसलेले असते. ते आईकडून येणाऱ्या कॉर्टिसॉलच्या मोठ्या हिश्शाचे निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकते. पहारा शंभर टक्के नसतो. महिनोन् महिने चालणारा छळ, मारहाण, उपासमार, युद्ध यांचे परिणाम गर्भावर होतात, हे मी नाकारत नाही. तसा छळ घरात चालू असेल तर तो थांबवायची जबाबदारी छळणाऱ्याची आहे, 'सकारात्मक राहण्याची' तिची नव्हे. आणि ऑफिसातली दोन दिवसांची धुसफूस? तिच्यासाठी तर तो पहारेकरी नेमलेलाच आहे.

आवाजाचे मात्र वेगळे. चोवीस-पंचवीस आठवड्यांच्या सुमारास बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागते. 1980 आणि 1986 मधल्या अँथनी डीकॅस्पर यांच्या प्रयोगांत नवजात बाळांनी आईचा आवाज, आणि आईने शेवटच्या आठवड्यांत रोज मोठ्याने वाचलेली गोष्टसुद्धा, ओळखल्याचे दिसले. तेव्हा गा, वाचा, ओव्या म्हणा, खुशाल. बाळ ऐकते ते कानाने, लक्षात ठेवते ते मेंदूने. डीएनएला मध्ये ओढायची गरजच नाही. आणि हो, केशराच्या दुधाने बाळ गोरे होत नाही. त्वचेतले मेलॅनिन किती आणि कोणते हे ठरवणारी जनुके दूध पीत नाहीत. हे एकविसाव्या शतकात लिहावे लागते, असो.

तुम्हाला एपिजेनेटिक्सच हवे असेल तर ते आपल्याच अंगणात आहे, आणि तुमच्या एकाही पत्रकात मला ते दिसले नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा करत आले आहेत. त्या गावांतली बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. पण ती आपली किडकिडीत बाळे सगळ्या बाबतींत सारखी किडकिडीत नव्हती. स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. वरून बारीक, आतून चरबीदार. पुढे मधुमेह का गाठतो याचा एक धागा तिथे सापडला. गरोदरपणात पालेभाज्या, फळे, दूध वारंवार खाणाऱ्या आयांची बाळे मोठी निघाली. आणि जवळपास दोन-तृतीयांश आयांच्या रक्तात बी12 कमी होते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, ज्या आयांचे फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचेच एक रूप) जास्त आणि बी12 कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. निरीक्षण आहे, कारण सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. पण पेशीच्या रसायनात बघितले की हे नाते का जुळत असावे, याचा अंदाज येतो.

मिथाइलच्या त्या टाचण्या येतात कुठून? अन्नातून. फोलेट हा मिथाइल वाहून आणणारा हमाल. तो त्या पेशीच्या दारापर्यंत आणतो, पण उतरवून घ्यायला बी12 लागते. बी12 ज्या एन्झाइमचा हात आहे, तेच एन्झाइम मिथाइल पुढे सोपवते आणि मेथिओनिन नावाचे अमिनो आम्ल तयार होते. त्यापासूनच पेशी डीएनएवर लावायच्या टाचण्या बनवते. बी12 नसेल तर हमाल ओझे डोक्यावर घेऊन दारात ताटकळतो. फोलेट वाया, मेथिओनिन अपुरे. आता आपल्या स्वयंपाकघरात या. फोलेट पालेभाजीत असते, डाळीत असते, सरकारी गोळीत असते. बी12 वनस्पतींत नसते. ते दुधात, दह्यात, अंड्यात, मासळीत, मटणात. ज्या घरात दूध आधी सासऱ्यांच्या चहाला, मग मुलांना, मग दादल्याच्या ताकाला आणि सुनेच्या वाट्याला तळातले पाणी, त्या घरातल्या गर्भाचे एपिजेनेटिक्स त्या पातेल्यात ठरते. श्रावण सोमवार, संकष्टी, हरितालिका हे तिच्या श्रद्धेचे भाग आहेत, मी त्यांत पडत नाही. पण ती दिवसभर काय खाते हे विचारण्याइतका तुमचा तिच्यावर हक्क आहे, माझा नाही. माझे कोण ऐकते?

याज्ञिकांच्या त्या गावांतल्या मुली-मुलगे मोठे झाल्यावर 2012 पासून त्यांना लग्नाआधीच बी12 देऊन पुढच्या पिढीवर काय फरक पडतो हे बघणारी चाचणी हाती घेतली गेली. मुंबईतही वस्त्यांमधल्या बायकांना गरोदर राहण्याआधीपासून रोज एक खाऊ दिला गेला, पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला. निकाल 2014 साली आले. सगळ्या बायका एकत्र धरल्या तर बाळांच्या वजनात ठाम फरक दिसला नाही. ज्यांनी गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून तो खाल्ला, त्यांची बाळे सरासरी 48 ग्रॅमने जड निघाली. अठ्ठेचाळीस ग्रॅम. वर्षानुवर्षे राबून, हजारो बायकांना रोज खाऊ पोचवून, हाती आलेला हा आकडा त्या संशोधकांनी जसाच्या तसा छापला. तुमचे पत्रक चार महिन्यांत 'उच्च बुद्ध्यांक' देते.

आता वेळेचे. मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीपासून होतो, ती नळी गर्भधारणेपासून 28 व्या दिवसापर्यंत मिटते. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. ती नीट मिटावी म्हणून लागणारे फॉलिक ॲसिड त्याआधीच अंगात असावे लागते. 1991 साली सात देशांतल्या 33 केंद्रांवर घेतलेल्या चाचणीत, आधी ही नळी नीट न मिटलेले बाळ झालेल्या बायकांना गर्भ राहण्यापूर्वीपासून फॉलिक ॲसिड दिले, तेव्हा तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. मंत्र नाही, संगीत नाही, एक स्वस्तातली गोळी. तुमचे बहुतेक वर्ग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होतात. तोवर नळी मिटलेली असते, हृदयाचे कप्पे झालेले असतात, बोटे सुटी झालेली असतात. ज्या दिवशी तुम्ही संस्कारांचा श्रीगणेशा करता त्या दिवशी पायाचे बांधकाम उरकलेले असते.

आणि आता माझ्या भाचीचा प्रश्न.

पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली आढळते. 46 च्या जागी 47, किंवा 45. ही चूक बहुतेक वेळा बीजांड तयार होताना झालेली असते, आणि बीजांड तयार होण्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मुलगी स्वतः आईच्या पोटात पाचेक महिन्यांची असते तेव्हा तिच्या इवल्या अंडाशयांत 60 ते 70 लाख बीजपेशी असतात. तिच्या जन्मापर्यंत त्यातल्या 10-20 लाख उरतात. त्या गुणसूत्रांच्या वाटणीला सुरुवात करतात आणि अर्ध्यावर थांबतात. थांबतात म्हणजे वर्षानुवर्षे. त्या अवस्थेत गुणसूत्रांच्या जोड्या एकत्र धरून ठेवायला कोहेसिन नावाच्या प्रथिनाची कडी असते. ती कडी गर्भात असताना घातलेली, आणि नंतर तिची फारशी डागडुजी होत नाही. त्या बीजाची पाळी येईपर्यंत, मग ती विसाव्या वर्षी येवो की अडतिसाव्या, कडीने टिकायचे असते. वय वाढते तशा काही कड्या झिजून निसटतात आणि वाटणी चुकते.

भाची चौतिसाची आहे. ज्या बीजात चूक झाली असण्याची शक्यता सर्वांत जास्त, ते बीज चौतीस वर्षांपूर्वी, माझ्या थोरल्या बहिणीच्या पोटात घडले. तेव्हा आम्ही चाळीत राहत होतो आणि बहीण पिठाच्या गिरणीच्या रांगेत उभी राहत होती. त्या कडीला ऑफिसातल्या साहेबाचे बोलणे कसे लागणार?

हे सगळे मी तिला सांगितले. मेथीच्या काड्यांनी कडी करून दाखवली. तिला कळले. पण डोळ्यांतले गेले नाही, कारण कळणे वेगळे आणि दोन महिने रोज रात्री स्वतःला दोष देत झोपणे वेगळे. ते तुमच्या एका ओळीने दिले होते.

तुम्ही अभिमन्यूची गोष्ट हमखास सांगता. मीही लहानपणी कीर्तनात ऐकली आहे. चक्रव्यूहात शिरायचे कसे हे अभिमन्यूने पोटात ऐकले, बाहेर पडायचे ऐकण्याआधी सुभद्रेला झोप लागली. लहानपणी मलाही वाटायचे, अरेरे, झोपली नसती तर! आता वाटते, त्या बाईला झोप लागणार नाही तर काय होईल? गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन वाढते, त्याने पेंग येते, शरीर विश्रांती मागते. तिने झोपावे हेच योग्य होते. कुरुक्षेत्रावर एका पोरावर तुटून पडले ते महारथी राहिले बाजूला, आणि घरोघरी बोट राहिले ते सुभद्रेच्या डुलकीवर.

तेव्हा मागणे थोडके आहे. 'कोरला जातो' ही ओळ काढा. तिच्या जागी काही छापायचेच असेल तर छापा: मूल हवे असे ठरवाल त्याच महिन्यापासून डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिड सुरू करा, बी12 तपासून घ्या, दूध-दही-अंडे यांतले जे चालत असेल ते रोज ताटात असू द्या. वर्ग घ्यायचा तर नवविवाहितांचा घ्या, कॉलेजातल्या मुलींचा घ्या, आणि एखादा सासू-सासऱ्यांचा आणि नवऱ्यांचाही, कारण पातेले त्यांच्या हातात असते. त्या वर्गाला मी फुकट येईन. डीएनएचे चित्रही उजवीकडे वळवून देईन.

एक शेवटचे. भाचीला पुन्हा दिवस गेले आहेत. सातवा आठवडा. ती म्हणते, मी पुन्हा तिथेच नाव घालणार, तिथले गाणे मला आवडते, तिथल्या दोघी-तिघींशी माझी गट्टी जमली आहे. मी काही बोलले नाही. येत्या गुरुवारी ती तुमच्यापैकी कोणाच्या तरी सतरंजीवर येऊन बसेल. तुमच्या फॉर्मात एक रकाना असतो, 'यापूर्वीची गर्भधारणा'. ती तो भरेल. तुम्ही तो वाचाल आणि मान वर करून तिच्याकडे बघाल. त्या वेळी तिला काय म्हणायचे, एवढ्यासाठी हे पत्र.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त पेशीशास्त्रज्ञ, आणि मावशी
पुणे